सालेमचाचांचं रिकामं कपाट

सालेमचाचा,

तुमच्या घरी मी तिसऱ्या दिवशी आलो. पहिल्या दिवशी यायला हवं होतं. दफन दुपारच्या नमाजानंतर झालं. निरोप मला सकाळीच मिळाला होता. ऑफिसात बसून राहिलो.

जुन्या यान्बूत, बंदरामागच्या तुमच्या गल्लीत गालिचे अंथरले होते आणि दोन्ही भिंतींना लागून खुर्च्या मांडल्या होत्या. तुमच्या मुलाने, माजिदने, बिनसाखरेची कॉफी दिली, खजूर पुढे केला. तेवढ्यात कंपनीच्या कामगार कॅम्पची बस आली. तीसेक माणसं उतरली, आंघोळी करून, बाहेर जायचे कपडे घालून, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण एकही जण पुढे येईना. तुमचे नातेवाईक आणि शेजारी जिथे बसलेत तिथे परांची बांधणाऱ्यांनी आणि पाइप जोडणाऱ्यांनी बसायचं नसतं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. माजिद उठला. पहिल्या माणसाचा हात धरून त्याने त्याला आणलं आणि तुमच्या थोरल्या मेहुण्याच्या शेजारी बसवलं. मग बाकीचे आले.

थोड्या वेळाने तो माझ्याजवळ बसला.

"तुम्हीच जरीदा ना?"

अरबीत जरीदा म्हणजे वर्तमानपत्र. नाशिकच्या एका दैनिकात मी बारा वर्षं उपसंपादक होतो, हे मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्यानंतर तुम्ही मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाहीत. माझं खरं नाव माजिदला माहीतच नव्हतं.

"कंपनीने वडिलांना घरी का बसवलं?" त्याने विचारलं. "ते सांगायचे, वय झालं म्हणून. मला ते कधी पटलं नाही."

"एका कपाटावरून," मी म्हणालो.

"कपाट?"

"मोठी गोष्ट आहे."

"मी तीन दिवस इथेच बसून आहे," तो म्हणाला. "वेळ आहे मला."

मी कॉफी संपवली आणि निघालो. ती गोष्ट मी तुमच्यापुढेही कधी सलग बोललो नव्हतो. आता घडली त्या क्रमाने सांगतो.

मी सौदीत, यान्बूला आलो तेव्हा इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, पासपोर्ट घेऊन कचेरीत प्रत्यक्ष जावं लागे. ते काम तुमचं. तुम्ही कंपनीचे मंदूब होता. सरकारी कचेऱ्यांत कंपनीच्या वतीने फिरणारा माणूस. माझं काम ऑफिसातले सगळे कागद क्रमाने लावून ठेवण्याचं. तुमचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं.

इतर कंपन्यांत मंदूब परत आला की पासपोर्टांचा गठ्ठा थेट कपाटात जायचा आणि माणसाला रजा मिळेल तेव्हाच बाहेर यायचा. तुम्ही संध्याकाळी पाचला, कॅम्पची बस आणि इंजिनियरांच्या गाड्या एकदम सुटतात त्या वेळी, गेटवर उभे राहायचात. एकेक पासपोर्ट उघडायचात आणि शेवटचं पान काढायचात. आमच्या पासपोर्टवर तिथे वडिलांचं नाव असतं, त्याखाली आईचं. तुम्ही माणसाचं स्वतःचं धरून तिन्ही नावं मोठ्याने वाचायचात आणि मगच पासपोर्ट हातात द्यायचात.

माझा नंबर आला तेव्हा तुम्ही वाचलंत, "मां, इंदू-मा-ती."

आईला जाऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत तिचं नाव माझ्यासमोर कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. अनोळखी गेटवर, परक्या उच्चारात ते ऐकलं. मी आभार मानले तेव्हा तुम्हाला वाटलं, पासपोर्टचे.

"अच्छा देश तुम्हारा," तुम्ही म्हणालात. "मां का नाम लिखता है."

कचेरीत न्यायला तुम्ही व्हॅन काढायचात आणि व्हॅनमध्ये नियम एकच होता: जो आधी आला तो पुढे, जिथे गार हवा लागते तिथे. पुण्याचा एक इंजिनियर बोटांचे ठसे द्यायला निघाला होता. मागच्या सीटवर दोन वेल्डरांच्या मध्ये बसायची वेळ आली म्हणून तो कुरकुरला. "चाचा, हम लोग इनके साथ लाइन में खड़े रहेंगे क्या?"

"मशीन अंगुली देखता," तुम्ही आरशात बघत म्हणालात. "मशीन को मालूम नहीं तुम इंजिनियर. तुम जा के बोलो उसको."

वेल्डर हसले. थोड्या वेळाने इंजिनियरही हसला. परत येताना तो न सांगता मागे बसला.

एकदा कचेरीबाहेर त्याच व्हॅनमध्ये आपण दोघंच थांबलो होतो. मी विचारलं, गेटवर रोज एवढा वेळ का घालवता, कपाटात ठेवलेत तर काम लवकर उरकेल. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्या हिंदीत होतं. मी मराठीत लिहितो.

तुमच्या आईला समुद्रापलीकडून आणलं होतं. तेव्हा ती किती वर्षांची होती हे तिला आठवत नव्हतं, गावाचं नावही नाही. गावात विहीर होती आणि विहिरीवर शेळ्या यायच्या, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. आतल्या बाजूच्या एका खजुराच्या खेड्यात, व्यापाऱ्याच्या घरी, ती गुलाम होती आणि तुम्ही त्या घरात गुलाम म्हणूनच जन्मलात. गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम निघाला तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता किंवा दहा. गुलामाच्या मुलाचा जन्म कुणी लिहून ठेवत नाही. सरकारी माणूस आला आणि तुमच्या आईच्या हातात एक कागद दिला: ही बाई स्वतंत्र आहे. तिला वाचता येत नव्हतं. मालक म्हणाला, तुझ्याकडून हरवेल, माझ्या पेटीत ठेवतो.

ती त्याच घरात राहिली, तेच काम करत. जाणार कुठे. दर ईदला ती कागद पाहायला मागायची. मालक पेटी उघडून दाखवायचा आणि पुन्हा आत ठेवायचा. ती गेली तेव्हा तुम्ही बंदरावर हमाली करत होता. तिला माती देऊन तुम्ही थेट त्या घरी गेलात आणि कागद मागितला. मालकाने तो लगेच काढून दिला. रडलाही. म्हणाला, मी तर फक्त सांभाळत होतो.

"मारायचा का तो?" मी विचारलं.

"नहीं. खाना दिया, ईद को नया कपड़ा दिया. अच्छा आदमी था." समोरच्या दारातून नंबर पुकारला जात होता, आपला नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "बुरा आदमी होता तो मां भाग जाती."

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते यान्बूत पुष्कळांना माहीत आहे. रात्रशाळेत लिहायला शिकलात, मंदूब झालात, आणि दुसऱ्याचा कागद कुणी पेटीत ठेवला आहे असं कळलं की तिथे जाऊन उभे राहिलात. घरकामाच्या बायका, ट्रकचालक, आमच्या कंपनीतले, दुसऱ्या कंपनीतले. अर्ज तुम्ही लिहायचात, अरबीत, मोठ्या अक्षरात. शहरातल्या सगळ्या मंदूबांना तुम्ही ओळखत होता आणि बहुतेकांशी तुमचं वैर होतं. कामगार कार्यालयातले कारकून तुम्हाला बघून उठायचे. आदराने की वैतागाने, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिथल्या एका नव्या पोराने तुमच्या मागून, तुमच्या रंगाकडे बघून, तो जुना शब्द उच्चारला, गुलाम. तुम्ही वळलात आणि त्याला काहीतरी सांगितलंत. काय, ते मला गाडीत कळलं: "बेटा, वो बात कागज में बंद हुआ. तुम्हारा मुंह में अभी चालू है."

आपल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. कंपनीने ते पासपोर्ट ठेवण्यासाठी विकत घेतलं होतं आणि किल्ली तुमच्याकडे होती. त्यात तुम्ही चहाचा डबा, साखर, दोन कप आणि जादा सपाता ठेवल्या होत्या. तपासणीला कुणी आलं की तुम्ही ते उघडून दाखवायचात. "तफद्दल, आओ. चाय पियेगा?"

पुढे इकाम्याचं काम संगणकावर होऊ लागलं. पासपोर्ट कुणाकडून मागायचं कारण उरलं नाही. नेमक्या त्याच सुमारास नवे एचआर मॅनेजर आले, आमच्याकडचेच, ठाण्याचे. त्यांनी मला बोलावलं.

"कॅम्पात पासपोर्ट हरवतात," ते म्हणाले. खोटं नव्हतं. त्या वर्षी तीन हरवले होते, त्यातला एक धुण्याच्या मशीनमध्ये. "नियम असा आहे की पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. पण माणसाने आपणहून ठेवायला दिला तर? एक छोटासा फॉर्म करा. तुमच्याइतकं नेमकं कोण लिहितंय इथे?"

मी केला. एकच वाक्य होतं: मी माझा पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून स्वेच्छेने कंपनीकडे ठेवायला देत आहे, आणि मी मागेन त्या क्षणी तो मला परत मिळेल.

मॅनेजरांनी पेन घेतलं आणि स्वल्पविरामानंतरचं सगळं कापलं. "हे लिहायची काय गरज? ते गृहीतच आहे."

बारा वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं कापली होती. अर्धं कापल्यावर उरलेल्या अर्ध्याचं काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी म्हणालो, "हो, आटोपशीर झालं." आणि प्रत्येक मसुदा फाइलला लावायचा हा माझ्या कामाचा नियम, म्हणून त्यांच्या पेनाची रेघ असलेला तो कागदही फाइलला लावला.

फॉर्मवर सह्या मेसमध्ये घेतल्या, दुपारच्या जेवणाला. आधी सही, मग ताट. रांग वेगाने सरकत होती.

"काहे का है ये?"

"पासपोर्ट का."

"मिल रहा है कि जा रहा है?"

रांगेत हशा पिकला. तुम्ही दारात उभे होता. शेवटचा माणूस ताट घेऊन गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ आलात.

"जरीदा, किसी ने पढ़ा?"

"हिंदीत आहे, उर्दूत आहे. सगळ्यांना वाचता येतं."

"आता है कि नहीं, वो नहीं पूछा. पढ़ा किसी ने?"

त्याच दिवशी तुमचा डबा, साखर, कप आणि सपाता कपाटातून निघाल्या आणि पासपोर्ट आत गेले. किल्ली मॅनेजरांनी घेतली. तुम्ही चहाचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवलात. "ये भी तुम संभालो," म्हणालात.

पुढची दोन वर्षं आपण भांडलो. बहुतेक वेळा चहा पिताना, आवाज न चढवता. मी म्हणायचो, आठ जणांची खोली, कुलूप लावायला जागा नाही, माणूस पासपोर्ट ठेवेल कुठे? तुम्ही म्हणायचात, "तो ताला दो." मी म्हणायचो, पुष्कळांना कपाटातच सुरक्षित वाटतो, विचारा त्यांना. तुम्ही म्हणायचात, माझ्या आईलाही वाटायचा. दुसऱ्या दिवशी मी नवा मुद्दा घेऊन यायचो. इंजिनियरांचे पासपोर्ट घरी होते, माझाही. आमच्यापुढे तो फॉर्म कुणी ठेवलाच नव्हता. हा मुद्दा तुम्ही काढला नाहीत. मीही काढला नाही.

मग उत्तम आला. लातूरकडचा, परांची बांधणारा. आल्या दिवशीच त्याच्याकडूनही त्या फॉर्मवर सही घेतली होती. कॅम्पात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. दुपारच्या सुट्टीत खिडकीशी यायचा.

"साहेब, छातीत कळ येतीया. डाक्टर म्हंतो गॅस हाय."

"मग गोळी घे."

"घेतोय की. गोळ्या संपल्या, कळ हाय तशीच. गावाकडं जाऊन एकदा दाखवावं म्हंतो. पासपोर्ट मागितला तर म्हंत्यात, शटडाऊन झाल्यावर."

शटडाऊन म्हणजे कारखाना थांबवून दुरुस्ती करतात ते दिवस. तेव्हा रजा कुणालाच नसते.

"तुम्ही आपलं माणूस. एक शबुद टाका की साहेबाकडं."

"मी कागदाचा माणूस, उत्तम. रजा माझ्या हातात नाही."

"मग पासपोर्ट कुणाच्या हातात हाय?"

मी मॅनेजरांच्या केबिनकडे बोट दाखवलं. तो तिकडे गेला. तिथून तुमच्याकडे आला.

कुणीतरी त्याला सल्ला दिला होता की पासपोर्ट हरवला म्हणून पोलिसांत नोंदव आणि दूतावासातून दुसरा काढ. तुम्ही तो सल्ला ऐकून घेतला नाहीत. "झूठ क्यों बोलेगा? खोया नहीं है. किधर है, सब को मालूम." तुम्ही उत्तमला, आणि साक्षीदार म्हणून त्याच्या खोलीतल्या शंभूला, बिहारच्या वेल्डरला, घेऊन कामगार कार्यालयात गेलात. स्वतःच्या कंपनीविरुद्ध. तिथे कंपनीच्या माणसाने फॉर्म पुढे केला. अधिकाऱ्याने उत्तमला विचारलं, सही तुझीच ना? उत्तम म्हणाला, माझीच. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला कापलेल्या अर्ध्या वाक्याबद्दल सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. फाइल काढून रेघ दाखवली. तुम्ही कप खाली ठेवलात आणि कागद हातात घेतलात. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"अगली बार तुम चलो," तुम्ही म्हणालात. "ये कागज लेके. तुम बोलो, मैं अरबी करेगा."

"मला नाही जमणार, चाचा."

"लेश?" का, एवढंच विचारलंत.

मी कारणं दिली. माझा इकामा याच कंपनीचा. मुलगी इथल्याच शाळेत दहावीत, मार्चमध्ये परीक्षा. इथून गेलो तर या वयात नाशिकला नोकरी कोण देणार. सगळी खरी होती. तुम्ही एकेक ऐकलंत, मान हलवलीत.

"तुम्हारा पासपोर्ट किधर?"

"घरी."

"हम्म," तुम्ही म्हणालात आणि कप धुवायला गेलात.

तारखेला पाच दिवस होते तेव्हा, दुपारी, पाण्याच्या टाकीशेजारच्या सावलीत उत्तम बसला आणि उठला नाही. प्रमाणपत्रावर नैसर्गिक मृत्यू असं लिहून आलं. ते मीच फाइलला लावलं. मृतदेह मायदेशी पाठवायला पासपोर्ट लागतो. मॅनेजरांनी कपाट उघडलं आणि मी वहीत नोंद केली: कुणाचा, कुणी घेतला, किती वाजता, कशासाठी. मागितल्यापासून दीड तासात मिळाला.

तो विमान कंपनीच्या कचेरीत न्यायला तुमच्याच हातात आला. तुम्ही शेवटचं पान उघडलंत. मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही वाचलं नाहीत. पासपोर्ट मिटलात आणि खिशात घातलात.

परत आल्यावर तुम्ही मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलात. आवाज बाहेरपर्यंत येत होता, फक्त त्यांचा. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला घरी बसायला सांगितलं. तुम्ही टेबल आवरलंत तेव्हा मी मदत केली. खोका गाडीपर्यंत उचलून आणला. तुम्ही मला मिठी मारलीत, नेहमीसारखी, खांद्यावर थोपटून. तुमच्या मनात काही आहे का हे मी चाचपून पाहत होतो. काही सापडलं नाही. त्याचा अर्थ मला अजून लागत नाही.

नंतर कळलं, तुम्ही ठरलेल्या तारखेला कामगार कार्यालयात एकटेच गेला होता. अर्जदार हजर नाही म्हणून प्रकरण बंद झालं.

तुमचा शेवटचा फोन दवाखान्यातून आला. आवाज बसला होता, मागे कसलं तरी यंत्र चालू होतं.

"उत्तम का केस?"

"बंद झाली, चाचा. तुम्हीच तर गेला होता. खलास."

"उत्तम खलास. बाकी आदमी उधर है कि नहीं?"

"आहेत."

"पासपोर्ट?"

"कपाटात."

"तो क्या खलास?"

मी म्हणालो, तुम्ही आधी बरे व्हा, मग बोलू. आजारी माणसाला म्हणतात ते वाक्य. तुम्ही फोन बंद केलात. मी पुन्हा लावायला हवा होता. तुम्ही जाण्याआधीचे अकरा दिवस होते हातात. उद्या लावू म्हणत राहिलो, कारण लावला की तो कागद घेऊन जाणार का, याला हो किंवा नाही यातलं एक सांगावं लागलं असतं.

तुमच्या घरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मला बोलावलं.

"पुढच्या महिन्यात ऑडिट आहे," ते म्हणाले. "पासपोर्ट एचआरकडे दिसायला नकोत. तुमच्या विभागात बरे दिसतील. यादी तपासा आणि सही करा." त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "सालेमचं ऐकून वाईट वाटलं हो. चांगला होता म्हातारा. जरा हट्टी."

मी किल्ली घेतली. यादी तपासली. बरोबर होती. सही केली नाही.

काल शुक्रवार, सुट्टी. दुपारी मी कपाटातले सगळे पासपोर्ट पिशवीत भरून कॅम्पात गेलो. मेसमध्ये माणसं जेवत होती. मी सांगितलं, जेवण झाल्यावर थांबा. मग त्यांनी कशावर सही केली होती ते वाचून दाखवलं, आणि त्यात आधी काय होतं आणि काय कापलं तेही. पासपोर्ट वाटले. काही जण घेऊन लगेच खोलीकडे गेले, जणू मी विचार बदलेन. एक जण म्हणाला, "साब, आप ही के पास रहने दो. रूम में चोरी होता है." मी म्हणालो, माझ्याकडे नाही ठेवणार. त्याने वैतागून तो शर्टाच्या आत घातला. कुलपं मी आणली नव्हती. तेवढं सुचलं नाही.

उद्या रविवार, ऑफिस उघडेल. पुढे काय होईल याची मला कल्पना आहे. घरी सांगितलं आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, मेरे बोर्ड्स के बाद नहीं कर सकते थे?"

शंभू शेवटपर्यंत बसून होता. त्याचा पासपोर्ट त्याच्यासमोर टेबलावर होता. त्याने हात लावला नव्हता.

"ये आधा जो कटा," तो म्हणाला, "आपको कब से मालूम था?"

"फॉर्म छापायच्या आधीपासून," मी हिंदीत सांगितलं.

"उत्तम भाई ऑफिस में गए थे, तब भी?"

"तेव्हाही."

"चाचा अकेले गए थे, तब भी?"

"हो."

मेसमध्ये भांडी घासायचा आवाज येत होता. शंभूने खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"लिख के दीजिए. उत्तम भाई के घर भेजना है."

मी हिंदीत लिहिलं. फॉर्मचा मसुदा कधी तयार झाला, त्यातलं कोणतं वाक्य कापलं गेलं, सह्या कशा घेतल्या गेल्या, पासपोर्ट कधी मागितला गेला आणि कधी दिला गेला. एक पान झालं. मूळ मसुद्याची प्रत सोबत जोडली. शंभूने कागद घेतला आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून, सगळा वाचला. मग परत माझ्यापुढे ठेवला.

"किसने, वो तो इसमें कहीं है ही नहीं."

मी पेन उचललं आणि नावं घातली, चाचा. पहिलं माझं.